गेरूचा ठिपका

"चालवून दाखवा."

समोर काहीही असो, आमच्या शेजारच्या साहेबांनी आधी त्यावर दोन बोटं टेकवायची, वैद्यानं नाडी बघावी तशी, आणि मग हे दोन शब्द म्हणायचे. कॉम्प्युटर असो, पंखा असो, माझ्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ असो. एकदा मी नवा चष्मा करून आलो. त्याच्याही काडीला बोटं लावून म्हणाले, "चालवून दाखवा." मी समोरच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचून दाखवली, तेव्हा कुठे सुटका झाली.

मंडळी, नाव सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं. आपलं नाव कुठं तरी छापून आलंय एवढ्यानंच त्यांना दोन दिवस जेवण गेलं नसतं. हाताखालच्या बायका त्यांच्या माघारी त्यांना 'धसकेसाहेब' म्हणत. धसके हे त्यांचं आडनाव नव्हे, तो त्यांचा स्वभाव.

जालन्याच्या एमआयडीसीत माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून ते काम करायचे ती शेड. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तिथं येत. दुरुस्त होतील ते दुरुस्त करायचे, न होतील ते उकलून त्यातलं तांबं, पत्रा, प्लास्टिक वेगळं करायचं. दुरुस्त झालेले कंटेनरमध्ये भरून आफ्रिकेतल्या एका देशात जात. तिथल्या शाळा ते विकत घेत. बंदरापर्यंत नेणारे ट्रेलर माझे. माल परदेशी पाठवायच्या नियमांची जबाबदारी साहेबांची, आणि प्रत्येक कंटेनरखाली सहीही त्यांचीच.

नियम मला त्यांनीच समजावला. मी ट्रेलरवाला माणूस, मला वाटायचं माल तो माल. ते म्हणाले, "न्हाई. चालू कॉम्प्युटर म्हंजी माल. बंद कॉम्प्युटर म्हंजी कचरा. आणि कचरा असा कुठंबी पाठवता येत न्हाई."

"म्हणजे कसा पाठवायचा?"

त्यांचं घराणं घनसावंगीकडचं, मेंढरं राखणारं. शिकून नोकरीला लागले तरी समजावायची वेळ आली की ते सरळ बाजारात किंवा रानात शिरत. "असं बघा," ते म्हणाले, "जितं जनावर रस्त्यानं चालत जातं. त्याला कोन्ही अडवत न्हाई. पर मेलेलं जनावर दुसऱ्याच्या शिवारात टाकायचं असलं तर? त्या गावाला आधी इचारावं लागतं. ते हो म्हनले पाहिजेत. आणि वाटेत जी गावं लागतात त्यांलाबी इचारायचं. जगभरात हेच हाय. पहिले इखारी कचऱ्यापुरतं होतं. आता इजेवर चालणाऱ्या कुठल्याबी कचऱ्याला लागू झालंय. त्या देशाची लेखी संमती आधी, मंग जहाज."

"आणि न विचारता टाकलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एखादं ढोर त्यांच्या ओट्यावर आणून टाकलंय. "मंग ज्यानं टाकलं त्यानं ते परत उचलून न्यायचं," ते म्हणाले. "आणि त्याला पुन्हा त्या वाटेनं कोन्ही येऊ देत न्हाई."

आता यात घाबरण्यासारखं काय आहे? तुमच्या-माझ्यासारख्याला काही नाही. पण या शेडमध्ये येण्याआधी ते भंगाराच्या एका गोदामात होते. तिथं एकदा परदेशातून लोखंडी भंगाराचा कंटेनर आला. दार उघडलं तर पुढं दोन रांगा लोखंड आणि मागं सगळे फुटलेले जुने मॉनिटर, वायरींचे गुंते, कुणाच्या तरी देशातल्या कुणाच्या तरी घरातली घाण. गोदामवाल्यानं तक्रार करायच्या ऐवजी मजूर लावले. वायरी जाळून तांबं काढलं. "तो धूर मी खाल्लाय," साहेब सांगायचे. "आपल्या दारात कोन्ही मेलेलं टाकून गेलं की कसं वाटतं, हे मला ठाव हाय." हे सांगताना ते हात शर्टाला पुसत. हात स्वच्छच असायचे.

ठिपक्याची पद्धतही त्यांचीच. तपासून चालू निघालेल्या यंत्रावर आधी स्टिकर लावायचे. आपल्याकडचा उन्हाळा आणि शेडची पत्र्याची छपरं, डिंक सुटायचा. मार्करनं खूण केली तर ती धुळीच्या फडक्यानं पुसली जायची. शेवटी साहेबांनी घरून गेरूचे खडे आणले. मेंढरं कातरून झाली की आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून पाठीवर लाल खूण करतात, तशी. वाटीत थोडं तेल घालून गेरू कालवला आणि चालू निघालेल्या प्रत्येक यंत्राच्या पाठीवर बोटानं एक ठिपका. तो घासला तरी जात नसे. शेडमध्ये नियम झाला: लाल ठिपका म्हणजे पास. पॅकिंगच्या बायकांना दुसरं काही बघायचं कारणच उरलं नाही.

एकदा मी गंमत केली. चहा पिता पिता ते दाराकडे वळले, तेव्हा हळूच त्यांच्या शर्टाच्या पाठीवर गेरूचं बोट टेकवलं. दिवसभर बायका खुदुखुदु हसत होत्या. संध्याकाळी त्यांना कळलं. मला वाटलं, आता रागावणार. ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काहून लावला? मला अजून कोन्ही चालवून कुठं बघितलंय?" आणि हसले. त्यांचं हसू म्हणजे चुकून आलेल्या पाहुण्यासारखं, दारातच घुटमळायचं.

तर, आता त्या दसऱ्याचं सांगतो.

वर्षात एकदाच साहेब रजा घ्यायचे, नवरात्रात गावी घट उठायचा असतो त्या दिवशी. खंडेनवमीला ते गावी आणि शेडमध्ये त्यांच्या जागी सुमनबाई. वाटूरची बाई, आवाज असा की ट्रेलरचा हॉर्न लाजावा. तपासणीच्या सगळ्या बायकांची ती मुकादम. दसऱ्यानंतर लगेच मोठा कंटेनर जायचा होता. निम्म्याहून जास्त माल तपासून झाला होता, बाकीचा तसाच पडला होता, आणि कोपऱ्यात न दुरुस्त होणाऱ्यांचा ढीग.

खंडेनवमीला आपल्याकडे काय करतात तुम्हाला माहीतच आहे. अवजारांची पूजा. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. दसऱ्याला सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आधीच पॅकिंगच्या बायकांनी भराभर माल भरला. साहेबांनी येऊन बघितलं, ठिपके दिसले, उरलेलाही तपासून झाला असणार असं समजून सही केली, सील लागलं. माझा रफिकभाई ट्रेलर घेऊन समृद्धीला लागला. कंटेनर गेला की साहेबांच्या जिवाला थोडा थारा मिळे, म्हणून दुपारी ते माझ्याकडे चहाला आले.

चहा घेताना त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली. टेबलावर पान्ह्यांची पेटी, पेटीवर कुंकू. शेजारी जॅक, त्यावर कुंकू. कोपऱ्यात एक जुनं फॅक्स मशीन धूळ खात पडलंय, त्याच्यावरही हळद-कुंकू आणि झेंडूचं वाळलेलं फूल.

"हे काय?" ते म्हणाले.

"खंडेनवमीचं. आमच्या पोरींनी सगळ्याला लावलंय."

"ते फॅक्स चालतं का?"

"कशाचं चालतंय! दहा वर्षं झाली."

कप तसाच हातात राहिला. "मोडक्यालाबी लावलं?"

"साहेब, पूजा करताना कोण बघतंय मोडकं का चालू? म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडत नाही का आपण?"

मी आपला माझ्या वाक्यावर खूश. त्यांनी कप खाली ठेवला, चहा बशीत सांडला, आणि माणूस चपला न घालता शेडकडे पळाला. मीही मागे.

सुमनबाई दारातच बसली होती. साहेबांनी विचारलं, "खंडेनवमीला... मशिनीला... काय लावलं?"

"हळद-कुंकू. काहून?"

"सगळ्याला?"

"सगळ्याला. रांगा लावल्या, फुलं वाहिली. कुंकू पुरलं न्हाई मंग, तुमची गेरूची वाटी होती, त्यातलंच लावलं. तेबी लालच हाय की."

"मेलेल्यालाबी?"

"ओ साहेब, मेलेल्यानं काय पाप केलंय? तेबी मशीनच हाय."

शेडमध्ये बघितलं. कोपऱ्यात ढीग राहिलाच नव्हता. पूजेसाठी सगळे एका रांगेत मांडले होते आणि लाल ठिपका बघून पॅकिंगच्या बायकांनी सगळे भरले होते. तपासलेले, न तपासलेले आणि कायमचे गेलेले. सगळे पास. आणि खाली साहेबांची सही.

सुमनबाईनं आधी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिलाही कळलं. तिकडच्या बंदरात कंटेनर उघडून एक-दोन यंत्रं चालवून बघितली आणि ती मेलेली निघाली, तर सगळा कंटेनर कचरा. शाळांसाठी गेलेला माल न विचारता टाकलेलं ढोर. तो परत येणार, शेडचा परवाना जाणार, आणि या सगळ्या बायका उद्यापासून घरी.

साहेबांनी शेडच्या मालकांना, शेठना, फोन लावला. शेठ जुन्या जालन्यातले, कापडाच्या पिढीजात दुकानात वाढलेले. फोनवर त्यांचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. "अहो, कापडाच्या गाठीत एखादा डागी तागा निघतोच. त्यासाठी गाठ परत बोलावतात का? जाऊ द्या. तिथं कोण चालवून बघतंय?"

साहेबांनी मोकळा हात शर्टाला पुसला. मला वाटलं, आता हो म्हणतील. घाबरट माणूस बहुतेक वेळा हो म्हणतो.

"शेठ," ते म्हणाले, "तिथं कोन्ही बघत न्हाई म्हणूनच इथं बघावं लागतं. आणि ते कोन्ही बघो ना बघो, तिकडच्या एखाद्या पोराच्या टेबलावर ते मेलेलं जाऊन बसंल ना?"

"जहाज चुकलं तर?"

"चुकंल."

"आणि मी तुम्हाला काढून टाकलं तर?"

साहेब म्हणाले, "काढा. पर आधी गाडी माघारी बोलावतो."

मंडळी, मी त्या माणसाला गाडीच्या हॉर्ननं दचकताना पाहिलंय. त्यांचा तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. बोलून झाल्यावर मात्र फोन माझ्याच खिशात ठेवला त्यांनी, स्वतःचा खिसा समजून.

मी रफिकभाईला फोन लावला. तो वैजापूर ओलांडून गेला होता. "गाडी फिरव," मी म्हणालो.

"सेठ, ये समृद्धी है. खेत का बांध नई के जहां दिल किया वहां घुमा लिया."

"मग शिर्डीला उतर, तिकडून माघारी ये."

"खैरियत तो है? किसी का इंतकाल हुआ क्या?"

साहेब माझ्या खांद्यावरून ओरडले, "हो! बहोत का हुआ! कंटेनर के अंदर है!"

रफिकभाईनं घाबरून ट्रेलर बाजूला घेतला. अंदर कोण आहे, जिंदा आहे का मुर्दा, पुलिसला सांगू का, असं विचारत बसला. पाच मिनिटं मी त्याला समजावत होतो की आत माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहेत. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नसावं. ट्रेलर शेडच्या दारात उभा करून तो लांब जाऊन थांबला.

साहेबांनी कस्टमला कळवून सील तोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळा माल खाली उतरवायला सुरुवात झाली. तपासणीच्या बायका, पॅकिंगच्या बायका, माझे हमाल, मी सुद्धा. प्रत्येक यंत्र टेबलावर, वायर लावायची, बटण दाबायचं, थांबायचं. पडदा उजळला की एक बाई ओरडायची, "जितंय!" नाही उजळला की ते यंत्र बाजूच्या ढिगात. सुमनबाईनं तेल आणि चिंध्या घेऊन जुना गेरू काढला. पुसता पुसता ती पुटपुटत होती, "माझी हळदी-कुंकवाची हौस. माझ्या बोटाला काय झाल्तं."

"तुझी चूक न्हाई बाई," साहेब म्हणाले. "मी बेवकूफ. मशिनीला लाल रंग कशाला द्यायचा? निळा द्यायचा व्हता."

"निळा असता तरी लावला असता मी," सुमनबाई म्हणाली. "पूजा हाय ती."

दुपारी वीज गेली. साहेब जाऊन मीटरच्या डब्यासमोर उभे राहिले, जसं काही त्याला विनवणी करतायत. मी माझ्या गॅरेजचा जनरेटर आणला, तेव्हा ते तिथून हलले. जेवायला कुणी बसलं नाही. शेठ दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा दारातून बघून परत. दुसऱ्यांदा आले तेव्हा मेलेल्यांचा ढीग बाजूला बराच वाढला होता. "तागा नव्हे, गाठच डागी निघाली," एवढं म्हणाले आणि चहा पाठवतो म्हणून गेले. चहा आला, भज्यांसकट.

आणि मग शेवटी राहिला एक मॉनिटर.

लावला. काळा. पुन्हा लावला. काळा. साहेबांनी मान हलवली. तेवढ्यात सुमनबाईनं त्याच्या बाजूला एक चापट मारली आणि पडदा उजळला, स्वच्छ, निळा.

"बघा! माझा घरचा टीव्ही असाच चालतो. एक लावली की नीट वागतो. माझ्या नवऱ्यासारखा."

सगळ्या हसल्या. साहेब नाही हसले. त्यांनी तो बंद केला, लावला. लागला. पुन्हा बंद केला, लावला. लागला. बाहेर रफिकभाईनं हॉर्न दिला. दुसरं जहाज मिळालं होतं, पण ते धरायचं तर आत्ता निघायला हवं होतं.

"साहेब, लागतंय ना?" सुमनबाई म्हणाली. "जाऊ द्या. कोन्या पोराच्या नशिबात असंल."

त्यांनी दोन बोटं पडद्याच्या कडेवर ठेवली. किती वेळ ठेवली, मला ठाऊक नाही. मग गेरूच्या वाटीत बोट बुडवून त्याच्या पाठीवर ठिपका दिला. कंटेनर बंद झाला, सील लागलं, रफिकभाई गेला.

मला वाटलं, संपलं. मंडळी, तिथून तर सुरुवात झाली.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी माझ्याकडे येत आणि मोबाईलवर जहाज कुठं आहे ते बघत. समुद्रात लाटा उसळल्या की त्यांना तो मॉनिटर हादरताना दिसे. "तो एकच," ते म्हणायचे. "बाकीचे मी जिते सोडले. तो एकच मी थापड मारून सोडला."

"तुम्ही नाही, सुमनबाईनं मारली."

"ठिपका मी दिला."

जहाज पोहोचलं. मी म्हणालो, झालं आता. ते म्हणाले, "आता तर उघडतील." कंटेनर उघडला असेल तेवढे दिवस गेले. मी म्हणालो, झालं आता. ते म्हणाले, "आता शाळेत गेला असंल. आता रोज लावतील." मी विचारलं, तिकडच्या लोकांना सरळ मेल करून विचारा ना. तर म्हणाले, "इचारलं की त्यांला शंका येईल. चूक असली तर कागद येतो. बराबर असलं तर काहीच येत न्हाई. आपलं काम असंच हाय. काही आलं न्हाई, म्हंजी बरं."

त्यानंतर त्यांची निवृत्ती आली. शेठनी शाल दिली, नारळ दिला, आणि भाषणात म्हणाले की या माणसानं माझं दुकान वाचवलं. साहेब खाली मान घालून बसले होते. नारळ हलवून त्यात पाणी आहे का ते ऐकत होते.

ते गावी गेले आणि रोज सकाळी मला फोन करायला लागले. एकच प्रश्न. "काही आलं का?"

"काही नाही आलं, साहेब."

"बरं झालं." आणि फोन ठेवायचे. कधी हवामान विचारलं नाही, तब्येत विचारली नाही. माझ्या ऑफिसातली मुलं म्हणायची, "साहेबांचा फोन म्हणजे मिस्ड कॉलच." मी हसायचो. पण एखाद्या दिवशी फोनला उशीर झाला तर मी कामात असूनही फोनकडे बघत राहायचो.

या पौषात एके सकाळी फोन आला नाही. दुपारीही नाही. मग मीच लावला. त्यांच्या मिसेसनी उचलला.

"भाऊजी, आज पहाटे गेले ते."

मागे बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी पाणी तापवायला सांगत होतं.

"रात्रभर इचारत होते," त्या म्हणाल्या. "लागला का, लागला का, म्हणून. आमच्याकडं टीव्ही बंदच होता, दिवा लागलेला होता. मला काही समजंना कशाचं बोलून राह्यले. मंग मी म्हणलं, लागला. आता निजा." त्यांचा आवाज बारीक झाला. "मंग निजले ते. भाऊजी, मी खोटं बोलले का ओ?"

ते शेवटचा चहा ज्या कपात अर्धा टाकून गेले होते, तो कप माझ्या टेबलावर होता, धुऊन ठेवलेला. मला काहीतरी बघत राहायला हवं होतं म्हणून मी त्या कपाकडे बघत होतो. तो मॉनिटर त्या दूरच्या शाळेत लागतो का नाही, हे मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. कागद काही आलेला नाही.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "लागलाय."